स्टारड्यू व्हॅलीसाठी स्मॅपी: विंडोज, मॅक आणि लिनक्सवरील अनुभवाचे परीक्षण

आमच्या घरात स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ तीन संगणकांवर खेळला जातो. माझ्याकडे लिनक्स आहे, धाकट्या बहिणीकडे मॅकबुक आहे आणि भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. तिघांनाही खेळात मॉड, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेले आणि खेळात भर घालणारे किंवा बदल करणारे जोड, हवे होते आणि ते बसवून देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे स्मॅपी हे मोफत सॉफ्टवेअर मी गेले दीड वर्ष तिन्ही प्रणालींवर बसवत, अद्ययावत करत आणि क्वचित काढून टाकतही आलो आहे. हे परीक्षण त्या स्मॅपीचे आहे. खेळाविषयी किंवा एखाद्या विशिष्ट मॉडविषयी जे येईल, ते स्मॅपी समजण्यापुरतेच.

स्मॅपी स्वतः खेळात नवे काहीच आणत नाही. नवे पीक, नवे घर, नवा शेजारी हे सर्व मॉड आणतात. स्मॅपीचे काम त्या मॉडना खेळासोबत सुरू करणे, त्यांना खेळातील घडामोडी कळवणे आणि एखादा मॉड बिघडला तर बाकीचा खेळ सुरळीत ठेवणे, एवढेच आहे. एरिक बरोन यांनी एकट्याने तयार केलेला हा खेळ फेब्रुवारी 2016 मध्ये प्रथम विंडोजवर आला आणि त्याच वर्षी मॅक व लिनक्सवरही आला. स्मॅपीची सुरुवातही 2016 मधलीच. पुढे पाथोसचाइल्ड या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने ते हाती घेतले आणि आजतागायत सांभाळले आहे. त्याचा मूळ कोड खुला आहे, कोणालाही वाचता येतो, आणि त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही.

स्टारड्यूला स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातील वर्कशॉपची सोय नाही, हे नव्या खेळाडूने आधीच लक्षात घ्यावे. ज्या खेळांना ती सोय असते, तिथे एक बटण दाबले की मॉड आपोआप उतरतो आणि आपोआप अद्ययावत होतो. इथे मॉडची झिप फाइल आपण उतरवायची, ती उलगडायची आणि आतले फोल्डर खेळाच्या 'मॉड्स' फोल्डरमध्ये ठेवायचे. ऐकायला हे अगदी सोपे आहे आणि खरोखरच सोपे आहे. पण खेळाचे फोल्डर कुठे आहे, तिथे लिहिण्याची परवानगी आहे का आणि स्मॅपी बसवणारा इन्स्टॉलर चालवू दिला जाईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक प्रणालीवर निराळी आहेत. माझा बहुतेक वेळ मॉडपेक्षा या प्रश्नांवरच गेला.

स्मॅपीच्या आधी रूढ असलेली पद्धत पाहिली म्हणजे स्मॅपीचे मोल कळते. त्या काळी खेळाच्या 'कंटेंट' फोल्डरमधील एक्सएनबी प्रकारच्या मूळ फाइली थेट बदलल्या जात. चित्र बदलायचे असेल तर जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवायची. खेळाचे अपडेट आले की हे सगळे मोडे, आणि दोन मॉडना एकच फाइल बदलायची असेल तर एकालाच जागा मिळे. आता कंटेंट पॅचर हा मॉड स्मॅपीच्या साहाय्याने हेच बदल खेळ चालू असताना संगणकाच्या मेमरीत करतो आणि मूळ फाइलीला हात लागत नाही. मॉडचे फोल्डर काढले की खेळ होता तसा. एक्सएनबी फाइली बदलायला सांगणारे जुने मॉड अजूनही कुठे कुठे सापडतात. ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकच मॉड तिन्ही प्रणालींवर चालतो, ही गोष्ट आज इतकी सहज वाटते की तिच्यामागचे श्रम नजरेआड होतात. 2021 मध्ये 1.5.5 ही आवृत्ती येईपर्यंत विंडोजवरचा खेळ मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या जुन्या चौकटीवर (खेळ ज्यावर उभारतात त्या तयार कोडच्या संचावर) 32 बिटमध्ये चालत असे, तर मॅक आणि लिनक्सवरचा खेळ मोनोगेम या चौकटीवर. म्हणजे आतून ते जवळजवळ दोन वेगळे खेळ होते. विंडोजवर तयार केलेला मॉड लिनक्सवर उघडताना स्मॅपी त्याच्या कोडमधील एक्सएनएचे संदर्भ तिथल्या तिथे मोनोगेमच्या संदर्भांत बदलून देत असे, त्यामुळे मॉड लिहिणाऱ्याने लिनक्स कधी पाहिले नसले तरी त्याचा मॉड लिनक्सवर चाले. 1.5.5 मध्ये खेळच सगळीकडे मोनोगेमवर आणि 64 बिटवर आला आणि ही दरी बुजली. तरीही खेळाच्या नव्या आवृत्तीत एखाद्या गोष्टीचे नाव बदलले, तर जुन्या मॉडसाठी तो संदर्भ वळवून देण्याचे काम स्मॅपी जमेल तिथे अजूनही करते.

विंडोजवरचे काम सर्वांत कमी वेळात झाले. झिप पूर्ण उलगडावी, आतील 'इन्स्टॉल ऑन विंडोज' नावाच्या बॅट फाइलवर दोनदा क्लिक करावे, काळ्या खिडकीत आधी अक्षरांच्या रंगाचा आणि मग स्मॅपी बसवायचे की काढायचे याचा आकडा द्यावा, आणि एंटर दाबावे. खेळ कुठे आहे ते इन्स्टॉलर बहुधा स्वतःच शोधतो. नवे लोक एकच चूक हमखास करतात. विंडोजमध्ये झिपवर क्लिक केले की ती फोल्डरसारखी उघडलेली दिसते, प्रत्यक्षात ती उलगडलेली नसते, आणि तिथूनच इन्स्टॉलर चालवला की तो चालत नाही. भाच्यानेही हेच केले होते. इन्स्टॉलरने मात्र त्याला कोड्यात न ठेवता, आधी झिप उलगडा, असे सरळ सांगितले, आणि त्या एका वाक्याने माझा त्याच्याविषयीचा विश्वास वाढला.

विंडोजवर आणखी एक पायरी उरते आणि ती पुष्कळ जण गाळतात. स्टीममधून नेहमीप्रमाणे खेळ सुरू केला तर मॉडशिवायचाच खेळ उघडतो, कारण स्मॅपीचा प्रोग्राम मूळ प्रोग्रामशेजारी वेगळा बसतो. स्टीममध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लाँच ऑप्शन्स' नावाची चौकट असते. इन्स्टॉलर शेवटी जी ओळ दाखवतो ती जशीच्या तशी, अवतरणचिन्हे आणि शेवटचा टक्केचिन्हांमधला 'कमांड' हा शब्द न गाळता, त्या चौकटीत चिकटवावी लागते. असे केले की स्टीमवरील अचीव्हमेंट्स आणि खेळलेले तास यांची नोंद होत राहते. स्मॅपीच्या फाइलवर थेट क्लिक करूनही खेळ चालतो, पण ही नोंद हवी असेल तर ती ओळ चिकटवणेच योग्य.

मॅकवर हीच गोष्ट उलट आहे. तिथे इन्स्टॉलर खेळाची मूळ सुरुवातीची फाइल बाजूला ठेवतो आणि तिच्या जागी स्मॅपीची ठेवतो, त्यामुळे स्टीममध्ये काहीही चिकटवावे लागत नाही. अडचण त्याआधीच येते. इंटरनेटवरून उतरवलेली, ॲपलकडे नोंद नसलेल्या निर्मात्याची फाइल मॅकओएस सहजासहजी उघडू देत नाही. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केले आणि 'ओपन' निवडले की काम होत असे, आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच मार्गदर्शिकांत आजही तेच लिहिलेले आढळते. 2024 मध्ये आलेल्या मॅकओएस सिकोयापासून तो मार्ग बंद झाला आहे. आता आधी फाइल उघडण्याचा प्रयत्न करून नकार घ्यायचा, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात अगदी खाली जायचे, तिथे त्या फाइलचे नाव आणि 'ओपन एनीवे' हे बटण दिसते ते दाबायचे आणि पासवर्ड द्यायचा. बहिणीला फोनवरून हे सांगताना मला कळले की, नकाराची ती खिडकी पाहून बहुतेक लोक फाइलच खराब आहे असे समजून थांबत असणार. ॲपलच्या या सावधगिरीला कारण आहे आणि मी तिला नावे ठेवणार नाही, पण मॅक वापरणाऱ्याने पहिल्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवावा.

मॅकवरची दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, कारण तिथे नुकसान होऊ शकते. मॉडची नवी आवृत्ती जुन्या फोल्डरवर टाकली तर विंडोज दोन्ही फोल्डर एकमेकांत मिसळते: सारख्या नावाच्या फाइली बदलतात, बाकीच्या राहतात. मॅकवर फाइंडरमध्ये, म्हणजे तिथल्या फाइली पाहण्याच्या खिडकीत, 'रिप्लेस' म्हटले की जुने फोल्डर संपूर्ण जाते आणि त्याच्या जागी नवे येते. बहुतेक मॉड पहिल्यांदा चालताना स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची जेसन फाइल तयार करतात आणि आपण बदललेली बटणे, वेळा, आवडीनिवडी तिच्यात असतात. ही फाइल झिपमध्ये नसते, म्हणून बदलीत ती नाहीशी होते. बहिणीच्या संगणकावर मी प्रत्येक अपडेटआधी ती फाइल दुसरीकडे ठेवतो आणि नंतर परत आणतो. खेळाचे फोल्डर शोधणेही मॅकवर जरा आडवळणाचे आहे. ते वापरकर्त्याच्या 'लायब्ररी' या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात, स्टीमच्या फोल्डरात, 'कंटेंट्स' आणि मग 'मॅकओएस' अशा उतरंडीत आहे. स्टीममधील 'ब्राउझ लोकल फाइल्स' हा पर्याय वापरावा, म्हणजे बरीच पायपीट वाचते.

लिनक्सवर मला स्वतःला काहीच अडचण आली नाही, पण मी रोज टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून देण्याची खिडकी, वापरणारा माणूस आहे हे लक्षात घेऊन हे वाक्य वाचावे. इन्स्टॉलरची एसएच फाइल कित्येक डेस्कटॉपवर दोनदा क्लिक केल्यावर चालण्याऐवजी मजकूर म्हणून उघडते. तेव्हा फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ती चालवण्याची परवानगी द्यावी किंवा टर्मिनलमधून ती चालवावी. स्टीम फ्लॅटपॅक या लिनक्सवर प्रोग्राम बसवण्याच्या पद्धतीने घेतलेले असेल तर खेळाचे फोल्डर नेहमीच्या जागी न सापडता फ्लॅटपॅकच्या स्वतःच्या फोल्डरात असते, आणि इन्स्टॉलरला ते सापडले नाही तर पत्ता हाताने द्यावा लागतो. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावरही लिनक्सच आहे. तिथे डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन काम उरकायचे आणि मग नेहमीच्या मोडमध्ये परतायचे. लिनक्समध्ये फाइलीच्या नावातील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानली जातात, विंडोजमध्ये मानली जात नाहीत, त्यामुळे विंडोजवर लिहिलेल्या मॉडला लिनक्सवर स्वतःचीच चित्रे न सापडणे ही जुनी दुखरी जागा होती. स्मॅपीने अक्षरांचा हा भेद दुर्लक्षून फाइल शोधण्याची सोय लिनक्सवर दिली आहे.

मॅक आणि लिनक्स या दोन्हींवर आणखी एक पथ्य आहे. खेळाचे मोठे अपडेट आले किंवा स्टीममध्ये फाइली तपासून घेतल्या की मूळ सुरुवातीची फाइल परत येऊ शकते आणि खेळ मॉडशिवाय उघडू लागतो. मॉड हरवलेले नसतात. इन्स्टॉलर पुन्हा एकदा चालवावा, एवढेच.

आता स्मॅपीच्या ज्या गुणासाठी मी हे परीक्षण लिहायला बसलो, त्याकडे येतो. मॉडमध्ये काही बिघडले तर स्मॅपी ते माणसाला समजेल अशा भाषेत सांगते. खेळ सुरू होताना शेजारी एक खिडकी उघडते आणि तिच्यात प्रत्येक मॉडची नोंद येते. जे मॉड सुरू होऊ शकले नाहीत, त्यांची 'स्किप्ड मॉड्स' या मथळ्याखाली लाल अक्षरांत वेगळी यादी असते आणि प्रत्येकापुढे कारण असते: या मॉडला अमुक दुसरा मॉड लागतो आणि तो तुमच्याकडे नाही, या मॉडची ही आवृत्ती खेळाच्या आताच्या आवृत्तीशी जुळत नाही, हाच मॉड दोन फोल्डरांत दोनदा ठेवलेला आहे. ज्यांची नवी आवृत्ती आली आहे, त्यांचीही यादी पत्त्यासह येते. हे शक्य होते, कारण प्रत्येक मॉडबरोबर मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल असते आणि तिच्यात मॉडची ओळख, आवृत्ती आणि त्याला लागणारे इतर मॉड लिहिलेले असतात. स्टारड्यू व्हॅली एक्स्पांडेडसारखा मोठा मॉड घेतला तर त्याच्यासोबत कंटेंट पॅचर आणि आणखी काही मॉड लागतात. त्यातला एखादा राहिला तर खेळ कोसळत नाही, ती ओळ लाल दिसते आणि काय राहिले ते कळते. मी इतर काही खेळांत मॉड बसवताना संपूर्ण रविवार केवळ कोणता मॉड बिघडला हे शोधण्यात घालवला आहे. एकेक फोल्डर काढायचे, खेळ सुरू करायचा, पुन्हा काढायचे. इथे तसे करावे लागले नाही.

लाल ओळ वाचूनही उलगडा झाला नाही, तर 'एरर लॉग्ज' या फोल्डरमधली शेवटची नोंद स्मॅपीच्या संकेतस्थळावरील लॉगच्या पानावर टाकावी. ते पान तिची सुटसुटीत मांडणी करते, काय अद्ययावत करावे ते सुचवते आणि एक दुवा देते. मदत मागताना तो दुवा दिला की समोरच्याला आपली प्रणाली, खेळाची आवृत्ती आणि मॉडची यादी एका नजरेत दिसते. नोंदीचे हे फोल्डर विंडोजवर 'ॲपडेटा'मधील स्टारड्यू व्हॅलीच्या फोल्डरात, तर मॅक आणि लिनक्सवर 'डॉट कॉन्फिग' या लपवलेल्या फोल्डरात असते. सेव्ह केलेले खेळही तिथेच असतात. एका प्रणालीवरचे शेत दुसरीवर न्यायचे असेल तर त्या शेताच्या नावाचे फोल्डर फक्त उचलून न्यावे लागते. भाच्याचे शेत मी असेच लिनक्सवर आणून तपासतो.

सेव्हविषयी स्मॅपीने घेतलेली काळजी मला मनापासून आवडली. त्याच्यासोबतच येणारा 'सेव्ह बॅकअप' हा छोटा मॉड दररोज सर्व सेव्हची प्रत खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि शेवटच्या 10 प्रती राखतो. नवी पिके आणणारा एखादा मॉड काढून टाकला तर पेटीत ठेवलेल्या त्या वस्तूंच्या जागी 'एरर आयटम' दिसू लागतात, हे माझ्या बाबतीत घडले आहे. चूक माझीच होती, आणि आदल्या दिवशीची प्रत असल्यामुळे दहा मिनिटांत ती दुरुस्त करता आली.

मॉड उतरवण्यासाठी बहुतेकांना नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावर जावे लागते. खाते मोफत उघडता येते, मोफत खात्याला उतरवण्याच्या वेगाची मर्यादा आहे, आणि स्टारड्यूचे बहुतेक मॉड आकाराने लहान असल्यामुळे ती मर्यादा फारशी जाणवत नाही. मुलांच्या हाती हे सोपवणाऱ्या पालकांनी एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावी. कंटेंट पॅचरसाठी लिहिलेल्या मॉडमध्ये केवळ चित्रे आणि मजकुराच्या फाइली असतात, पण डीएलएल फाइल असलेला मॉड हा पूर्ण प्रोग्राम असतो आणि आपल्या खात्याला संगणकावर जे जे करता येते ते सर्व तो करू शकतो. जून 2023 मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचे घातक सॉफ्टवेअर पसरले, तेव्हा ते लोकप्रिय, नावाजलेल्या ठिकाणांवरच्या मॉडमधूनच पसरले होते. कालच वर आलेला, कोणीही न वापरलेला मॉड लगेच घेऊ नये, असा नियम मी भाच्याला घालून दिला आहे. तो त्याला जाचक वाटतो, पण मी बदललेला नाही.

स्मॅपीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे ते मॉड अद्ययावत करत नाही, फक्त सांगते. 40 मॉड असतील तर महिन्यातून एक संध्याकाळ झिप उतरवण्यात जाते. स्टारड्रॉप हा मॉड सांभाळणारा प्रोग्राम तिन्ही प्रणालींवर चालतो आणि मॉडचे वेगवेगळे संच जपून ठेवतो. माझे बरेच काम त्याने हलके केले. दुसरी मर्यादा खेळाच्या मोठ्या अपडेटच्या वेळची. मार्च 2024 मध्ये 1.6 आवृत्ती आली, त्याच दिवशी स्मॅपीची 4.0 आवृत्तीही आली, आणि तरीही पुष्कळ मॉड जुळवून घेईपर्यंत काळ गेला, कारण ते वेगवेगळ्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेले आहेत. अशा वेळी स्मॅपीच्या संकेतस्थळावरची सुसंगततेची यादी पाहावी आणि धीर धरावा. तिसरी गोष्ट फोनची. स्मॅपी अधिकृतपणे संगणकासाठीच आहे. अँड्रॉइडसाठी इतरांनी केलेल्या अनधिकृत आवृत्त्या आहेत, पण मी त्या वापरलेल्या नाहीत आणि त्यांची शिफारस करणार नाही.

शेवटी मराठीविषयी, कारण माझा सर्वांत जास्त जीव यात गुंतला होता. बऱ्याच मॉडमध्ये भाषांतरासाठी वेगळे फोल्डर असते, आणि 1.5.5 पासून खेळात नसलेली भाषा मॉडद्वारे नव्याने जोडताही येते. खेळ अधिकृतपणे मराठीत नाही. म्हणून एका छोट्या मॉडच्या पन्नासेक ओळी मी मराठीत आणल्या आणि देवनागरी अक्षरांचा संच जोडून पाहिला. पडद्यावर 'किंमत' या शब्दातली वेलांटी क-च्या पुढे जाऊन बसली, आणि 'स्ट्रॉबेरी'चे जोडाक्षर पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत विखुरले. कारण असे की, हा खेळ अक्षरे चित्रांसारखी एकापुढे एक ठेवतो. वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी येते, तसेच जोडाक्षराला स्वतःचा आकार असतो, हे त्या पद्धतीला माहीत नाही. दोष स्मॅपीचा नाही, आणि प्रत्येक जोडाक्षरासाठी वेगळे चित्र करून, मजकूर पडद्यावर जाण्याआधीच त्याची फेरमांडणी करणारा मॉड लिहिता येईल असे मला वाटते. त्यासाठी लागणारा खेळाच्या अंतरंगातला प्रवेश स्मॅपी देतेच. मी त्या कामाला सुरुवात केली आहे. आतापर्यंत बाराखडी नीट उमटते, जोडाक्षरांपैकी 'स्त', 'क्ष' आणि 'ज्ञ' जमले आहेत, आणि 'ष्ट्र' अजून जमलेले नाही.